हसद, रश्क आणि प्लेस्टेशन

फेब्रुवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की एक्सबॉक्सचे चार गेम आता दुसऱ्या कंपन्यांच्या कन्सोलवरही मिळतील: पेंटिमेंट, हाय-फाय रश, ग्राउंडेड आणि सी ऑफ थीव्ज. ज्यांच्या घरी एक्सबॉक्स होता त्यांचे यात काय गेले? काहीच नाही. गेम त्यांच्याकडे होते तसेच राहिले. उलट सी ऑफ थीव्ज हा अनेकांनी मिळून खेळायचा गेम, त्यात सोबती वाढले. तरीही नुसत्या अफवा सुरू झाल्यापासूनच एक्सबॉक्सचे कित्येक चाहते भडकले होते. आपला विश्वासघात झाला म्हणाले, कन्सोल विकून टाकण्याची भाषा झाली.

दुसऱ्या बाजूला हसायला जागा नाही. 2020 साली सोनीने होरायझन झीरो डॉन हा आपला गाजलेला गेम कॉम्प्युटरवर आणला, तेव्हा प्लेस्टेशनवाल्यांनीही असाच थयथयाट केला होता. तीन वर्षांपूर्वी खेळून संपवलेला गेम आता दुसऱ्या कुणालातरी खेळायला मिळणार, हे त्यांचे दुःख.

उर्दूत यासाठी नेमका शब्द आहे, हसद. आणि त्याच्या शेजारीच दुसरा शब्द आहे, रश्क. वर्गात हे दोन शब्द शिकवताना मराठीत ‘मत्सर’ आणि ‘हेवा’ असे सांगून वेळ भागते, पण मराठीत आपण हे दोन्ही एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि फरक निसटतो. शेजाऱ्याकडे आहे ते मलाही मिळावे, असे वाटणे म्हणजे रश्क. त्यात शेजाऱ्याचे काही जात नाही. शेजाऱ्याकडून ते जावे, किंवा त्याला ते मिळूच नये, मग मला मिळो वा न मिळो, असे वाटणे म्हणजे हसद. इमाम गझालींनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये हा फरक सविस्तर मांडला आहे. सूरह फलक तर मकतबमधल्या लहान पोरालाही पाठ असते, आणि तिचा शेवट हसद करणाऱ्यापासून पनाह मागण्यावरच होतो.

कन्सोलच्या भांडणात मला रश्क कमी आणि हसद जास्त दिसते. ‘अमुक गेम आमच्याकडेही यावा’ ही मागणी साधी आहे, त्यात गैर काही नाही. पण ‘आमचा गेम त्यांच्याकडे जाता कामा नये’ ही मागणी करणाऱ्याला स्वतःसाठी काहीच नको असते. दुसऱ्याचे हात रिकामे राहिले की त्याचे भागते.

हे भांडण आपसूक उगवलेले नाही, ते पेरलेले आहे. 1990च्या सुमारास अमेरिकेत सेगाने निन्टेन्डोचे थेट नाव घेऊन, त्याची टर उडवत जाहिराती केल्या. 1991 मध्ये मारिओला टक्कर द्यायला सॉनिक आणला. शाळाशाळांत मुलांचे दोन तट पडले. पुढे 2001 मध्ये सेगाने कन्सोल बनवणेच बंद केले आणि सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला. 2007 मध्ये तर मारिओ आणि सॉनिक एकाच ऑलिंपिक गेममध्ये खेळताना दिसले. मालकांचा समझोता झाला. ज्या पोरांनी त्यांच्यासाठी मैत्र्या मोडल्या असतील, त्यांना कुणी विचारले नाही.

आमच्या पिढीला हा रोग लागला नाही, कारण आम्हाला कंपनीच माहीत नव्हती. टीव्हीला जोडायचा नकली गेम, पिवळी कॅसेट आणि तीत मारिओ, काँट्रा. निन्टेन्डो हे नाव मी मोठेपणी ऐकले. आता उलटे झाले आहे. माझ्या नववीतल्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी कन्सोल नाही. पीएस5 भारतात 2021 मध्ये आला तो 49,990 रुपयांना, आणि त्याचा एकेक नवा मोठा गेम 4,999 रुपयांचा. ती मुले खेळतात वडिलांच्या मोबाइलवर. एखाद्याच्या मामाने दुबईहून प्लेस्टेशन आणलेला असतो, बाकीचे त्याच्याकडे जाऊन पाळीपाळीने खेळतात. पण बाजू मात्र प्रत्येकाची ठरलेली! यूट्यूब पाहून ठरलेली. जे यंत्र हातात धरले नाही त्याच्यासाठी मधल्या सुट्टीत कॉलर धरायची तयारी.

यावर कुणी म्हणेल, पोरांचा खेळ आहे, सर, कशाला मनावर घेता. मी घेतो, कारण ही सवय गेमपुरती राहत नाही. आमचा फायदा झाला नाही तरी चालेल, पण त्यांचे नुकसान झाले पाहिजे, हा हिशोब मी राजकारणात पाहतो, आणि मसलकाच्या नावाखाली आपल्याच मोहल्ल्यातही पाहतो. दुसऱ्या मसलकाच्या मदरशाला देणगी मिळाली की काहींची झोप उडते. तिथेही त्यांचे काही गेलेले नसते.

आता याचा अर्थ एक्सक्लुझिव्ह गेम मुळातच वाईट, असा नाही. बायोनेटाचा पहिला भाग प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर होता. 2012 मध्ये दुसरा भाग फक्त निन्टेन्डोच्या वी यूवर येणार असे कळले तेव्हा जुन्या चाहत्यांनी आकांत केला. पण निन्टेन्डोने पैसा घातला नसता तर तो गेम झालाच नसता, हे बनवणाऱ्यांनीच सांगितले. ज्याने झाड लावले त्याने फळ आधी घ्यावे, यात अन्याय कसला? निन्टेन्डो झेल्डा आपल्याच यंत्रासाठी बनवतो, तेही मला पटते.

बेथेस्डाची गोष्ट वेगळी. तिचे स्कायरिम, फॉलआउट 4 सगळ्यांकडे होते. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर मोजून तिची मूळ कंपनीच घेतली आणि 2023 चा स्टारफील्ड तेव्हा प्लेस्टेशनवर आला नाही. इथे झाड लावले नाही, गावाची फळे देणारे झाड विकत घेऊन कुंपण घातले. प्लेस्टेशनवाल्यांची तेव्हाची तक्रार रास्त होती, तिला मी हसद म्हणणार नाही. हसद होती ती त्या कुंपणाच्या आत उभे राहून टाळ्या पिटणाऱ्यांची.

गेमर एकत्र आले तर काय होते, हे 2013 मध्ये दिसले आहे. एक्सबॉक्स वन येणार होता तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अटी होत्या की यंत्राने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि डिस्क मित्राला देण्यावर बंधने. एवढा गदारोळ झाला की सोनीने डिस्क एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचा काही सेकंदांचा व्हिडिओ काढून मायक्रोसॉफ्टची थट्टा केली. 19 जूनला, यंत्र बाजारात येण्याआधीच, मायक्रोसॉफ्टने त्या अटी मागे घेतल्या. त्याचा फायदा दोन्हीकडच्यांना झाला.

आपल्याकडच्या माणसाला तर हा प्रश्न सगळ्यात जवळचा. डिस्क असली की ती चुलतभावाला देता येते, खेळून झाली की विकून त्यात थोडी भर घालून दुसरी घेता येते. डाउनलोड केलेला गेम असा कुणाच्या हातात ठेवता येत नाही, विकताही येत नाही. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्क घालायला जागाच नाही. सोनीच्या 2024 च्या पीएस5 प्रोबरोबरही डिस्क ड्राइव्ह येत नाही, तो वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. म्हणजे या बाबतीत दोन्ही कंपन्या एकाच वाटेने निघाल्या आहेत. 2013 इतका आवाज यावर मला ऐकू आलेला नाही. कुणाचा गेम कुणाकडे चालला, यावर मात्र रोज ऐकू येतो.