पॅकिंगची जाडी

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेली ‘एमजी टीसी’ ही स्पोर्ट्‌स गाडी घाटंजीच्या रस्त्यावर क्वचितच दिसेल. पण तिचा तेलपंप आपल्याला परका नाही. एकमेकांत अडकून फिरणारी दोन दंतचक्रे तेल पुढे ढकलतात. अनेक ट्रॅक्टरांतही हीच योजना असते.

जुना पंप दुरुस्त करताना झाकणाखाली जाड पॅकिंग घालण्याचा मोह होतो. बाहेरचे गळणे थांबते खरे. पण चक्रे व झाकण यांतली फट वाढून तेल आतल्या आत मागे फिरते. दाब व तेलाचा दाटपणा तोच असेल, तर अरुंद फटीतला प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.१ मिलिमीटरची फट ०.२ झाली की गळती आठपट! मग इंजिन मंद चालताना तेलाचा दाब पडतो, बेअरिंग झिजते. आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही.

स्क्रूगेज हाती आले की आपण तारेचाच व्यास मोजतो. (उत्तर मागच्या वर्षीच्या वहीत असतेच!) माझ्या मते त्याऐवजी गॅरेजमधून पॅकिंगच्या कागदाचे निरनिराळे तुकडे आणावेत. चक्रे पंपाच्या कडेपासून ०.०५ मिलिमीटर खाली आहेत असे धरून, प्रत्येक कागदाने गळती कितीपट होईल ते विद्यार्थ्यांनी काढावे.