विकाऊ घराची परीक्षा

घर विकावयास काढलें म्हणजे खरेदीदारापाठोपाठ त्याचा इंजिनिअरहि दारांत उभा राहतो. तो भिंतीवर टकटक करतो, मोरीलगतची ओल हातानें चांचपतो, आणि भिंतींत शिरलेल्या तुळईच्या टोंकांत चाकूचें पातें खुपसून पाहतो. कारण ओल आणि वाळवी लांकडाला बहुधा तेथेंच प्रथम गांठतात. आमच्या आळींतील एका वाड्यांत असें पातें दोन बोटें आंत गेलें, तेव्हां घरांतील वडील बंधु "आजोबांच्या वाड्याला हा परका मनुष्य नांवें ठेवतो!" असें म्हणून उठून गेले. त्यांचें दुःख खोटें नव्हतें. पण पुढें भाव पडला तो एका तुळईमुळें नव्हे. चार भावांपैकीं धाकट्या दोघांना ती वाळवी ठाऊक होती व तिच्या वाटांवर त्यांनीं नुकताच गिलावा चढविला होता, हें उघड झालें. मग खरेदीदाराला प्रत्येक भिंतीचा, आणि उरलेल्या दोघांना आपल्याच सख्ख्या भावांचा संशय येऊं लागला.

परीक्षा ही कांहीं पाश्चात्त्यांची नवी टूम नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतींत खरेदीच्या वस्तु पारखण्यास मुदती घालून दिल्या आहेत: लोखंडाला १ दिवस, दुभत्या जनावराला ३, रत्नांना ७, बियाण्याला १०. घर मात्र त्या यादींत नाहीं. तें काम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें कलम ५५ करतें. उलट करार नसेल, तर विकणाराला माहीत असलेला आणि खरेदीदाराला सामान्य दक्षतेनें न कळणारा महत्त्वाचा दोष सांगितलाच पाहिजे. न सांगणें हें कपट ठरतें. म्हणजे डोळ्यांना दिसणारी भेग खरेदीदारानें पाहावी. गिलाव्याआडची वाळवी विकणारानें सांगावी.

स्कॉटलंडांत तर १ डिसेंबर २००८ पासून सामान्यतः विकणारानेंच, स्वतःच्या खर्चानें, घर बाजारांत मांडण्यापूर्वीं तपासणीचा अहवाल तयार ठेवावयाचा असतो. घर मांडतांना तो १२ आठवड्यांहून जुना चालत नाहीं. खर्च होतो खरा. पण दुरुस्ती करावी कीं किंमत उतरवावी, हें घरच्या मंडळींना आधींच बसून ठरवितां येतें. इसार घेतल्यावर ऐन वेळीं घासाघीस करण्यास मग फारसें निमित्त उरत नाहीं. (आपल्याकडील दलालांना ही रीत कितपत रुचेल, याची शंकाच आहे.)

आपल्याकडे अशी सक्ती नसली, तरी जाहिरात देण्यापूर्वीं सर्व हिस्सेदारांसमक्ष घर तपासून घेण्यास कोणाची आडकाठी आहे? त्या वेळीं घरांतील स्त्रियांनाहि अवश्य विचारावें. पावसाळ्यांत कोणत्या कोपऱ्यांत भांडें ठेवावें लागतें, हें त्यांना इंजिनिअराहून नेमकें ठाऊक असतें. त्या सर्व दोषांची यादी करून ती करारास जोडावी, व तीवर खरेदीदाराची सही घ्यावी.