मंत्रिपदे मागाहून, निर्णय आधी

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि जुलै लागला की पुण्यातल्या कितीतरी प्राथमिक शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. उमेदवारांना पाटी, फुगा, छत्री अशी चिन्हे मिळतात. बोटाला शाई लागते. मतपत्रिकेच्या जागी हल्ली मोबाइलवरचे मतदानयंत्र आले आहे. मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री शपथ घेतात, छातीवर बिल्ले लागतात, फोटो निघतात.

या उपक्रमाबद्दल शिक्षकांत आणि पालकांत दोन मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे एवढ्या लहान मुलांच्या हाती कारभार देणे हे निव्वळ खूळ आहे. दुसऱ्या मताप्रमाणे मतदान आणि शपथविधी झाला की मुले लोकशाही शिकली. माझ्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत. पहिले मत मुलांना कमी लेखते आणि दुसरे लोकशाहीला. वर्गाचा काही कारभार मुलांकडे असलाच पाहिजे आणि तो पहिलीपासून असला पाहिजे. मात्र त्याची सुरुवात पदांपासून न होता निर्णयांपासून व्हावी, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

आधी पहिल्या मताचा विचार करू. त्याचे चार आक्षेप आहेत आणि चारही मनापासून घेतलेले असतात, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप वयाचा. ‘सात-आठ वर्षांच्या पोरांना नियम काय कळतात?’ असे म्हणणाऱ्याने संध्याकाळी कुठल्याही सोसायटीच्या आवारात किंवा पेठेतल्या बोळात उभे राहावे. चकून राज्य कोणावर ते ठरते. चेंडू कंपाउंडबाहेर गेला तर आउट, एक टप्पा झेल चालेल, गाडी आली की खेळ थांबेल, हे सारे नियम मुलांनी जागा पाहून केलेले असतात. भांडण झाले तर ती वाद घालतात, साक्षी काढतात आणि पुन्हा खेळू लागतात. धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळात घेतात; तो आउट होत नाही, पण खेळतो. दुर्बळाला सामावून घेणारी ही तरतूद कोणा मोठ्या माणसाने त्यांना शिकवलेली नाही. स्वित्झर्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास केला आणि १९३२ साली तो ग्रंथरूपाने मांडला. लहान मुलाला नियम वरून आलेला, न बदलणारा वाटतो; दहा-अकराव्या वर्षाच्या सुमारास तो आपसांत ठरवलेला आणि म्हणून संमतीने बदलता येणारा वाटू लागतो, असे त्यांना आढळले. हा बदल मोठ्यांच्या धाकाने घडत नाही, बरोबरीच्या मुलांशी सहकार्य करताना घडतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. म्हणजे समज आल्यावर कारभार द्यावा, हा क्रमच उलटा आहे. कारभार करतानाच ती समज येते.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुकांनी हिंसक वळण घेतले, १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्या थांबल्या आणि पुन्हा वाट मोकळी व्हायला २०१६ चा कायदा यावा लागला. हा इतिहास पालकांच्या मनात आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातून धडा कोणता घ्यायचा? वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ज्याने कधी मतभेद ऐकून घेतला नाही, हरल्यावर हात मिळवला नाही, दहा जणांसमोर उभे राहून हिशेब दिला नाही, त्याच्या हाती एकदम निवडणूक आली तर तो बाहेरच्या दांडगाईचेच अनुकरण करणार. सराव नसल्याने जे बिघडले, त्याच्यावर सराव बंद करणे हा इलाज कसा असेल?

तिसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम संपत नाही, त्यात शिक्षकांवर सर्वेक्षणे, अहवाल आणि ऑनलाइन माहितीचे ओझे आहे, ही तक्रार अगदी खरी आहे. म्हणून हिशेबच मांडू. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर साधारण ३३ आठवडे होतात. दर आठवड्याला ३५ मिनिटांची एक वर्गसभा घेतली तर वर्षाला सुमारे १९ तास लागतील. ८०० तासांतला हा वाटा अडीच टक्क्यांहूनही कमी आहे. शिवाय तो अभ्यासाबाहेरचा नाहीच. बालभारतीच्या पाचवीच्या परिसर अभ्यासात ‘नियम सर्वांसाठी’ आणि ‘आपणच सोडवू आपले प्रश्न’ अशी पाठांची नावे आहेत. हे पाठ वाचून घेऊन प्रश्नोत्तरे लिहून देणे आणि प्रत्यक्षात वर्गाचा एकही प्रश्न मुलांना सोडवू न देणे, यात वेळ वाचत नाही. पाठ वाया जातो. सभेत बोलणे हे मराठीचे काम आहे, इतिवृत्त लिहिणे हे लेखनाचे आणि वर्गनिधीचा जमाखर्च हे गणिताचे.

चौथा आक्षेप शिस्तीचा, आणि तो सर्वांत खोल आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाचा शब्द अंतिम नसेल तर गोंधळ माजेल, असे वाटते. पण आजची शिस्त कशावर उभी आहे ते पाहा. बाई वर्गाबाहेर गेल्या की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहितो. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि ती इंग्लंडभर पसरली. मॉनिटर ही त्याच घराण्यातली व्यवस्था. तो शिक्षकाने नेमलेला, शिक्षकालाच उत्तर देणारा. वर्गाच्या वतीने तो काही मागू शकत नाही, वर्ग त्याला बदलू शकत नाही. मित्राचे नाव तो लिहीत नाही, नावडत्याचे दोनदा लिहितो, आणि सगळा वर्ग ते मुकाट्याने पाहतो. अधिकाऱ्याजवळचा माणूस नियमाच्या वर असतो, हा धडा मुले इथे गिरवतात. अशी शिस्त शिक्षक दाराबाहेर पडेपर्यंतच टिकते. उलट आपण ठरवलेला नियम मुले एकमेकांना आठवण करून देऊन पाळतात, कारण तो मोडला तर त्यांचेच काही बिघडते.

आता दुसऱ्या मताकडे वळतो. मुलांना मंत्रिपदे वाटणारे शिक्षक उत्साही असतात, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण जुलैत शपथ घेतलेल्या मंत्रिमंडळाने डिसेंबरपर्यंत कोणते निर्णय घेतले, असा प्रश्न विचारला तर बहुधा उत्तर मिळत नाही. स्वच्छतामंत्री कागद उचलतो, आरोग्यमंत्री नखे तपासतो, शिस्तमंत्री रांग लावतो. ही सगळी कामे शिक्षकांनी आधीच ठरवलेली असतात. मॉनिटर एक होता, आता बिल्ले लावलेले दहा झाले. बाकीची चाळीस मुले एका दिवशी मत देतात आणि वर्षभर प्रेक्षक राहतात. निवडूनही बहुतेक तीच येतात, जी स्पष्ट बोलतात, पहिल्या बाकावर बसतात आणि स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करतात.

पुण्याला तर लोकशाहीची कसोटी दुसरीकडून आणण्याची गरज नाही. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी काय लागते यावर भाषण दिले. समाजात टोकाची विषमता नसणे, विरोधी पक्ष असणे, कायद्यापुढे आणि कारभारात सर्वांना समान वागणूक, संविधानात्मक नीती, बहुसंख्याकांची अल्पसंख्याकांवर जुलूमशाही नसणे, समाजाचे नैतिक अधिष्ठान आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी अशा अटी त्यांनी सांगितल्या. निवडणूक घेतली की झाले, असे त्यांनी म्हटले नाही. कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनीही लोकशाहीकडे मुख्यतः एकत्र जगण्याची रीत म्हणून पाहिले. या अटी चौथीच्या वर्गाला लावून पाहा. ‘मला हे पटत नाही’ म्हणणाऱ्या मुलीला पुरते बोलू दिले जाते का? हुशार मुलाला आणि मागे पडलेल्याला नियम सारखाच लागतो का? वर्गाने मिळून एखाद्याला एकटे पाडले तर त्याच्या बाजूने कोणी उभे राहते का? या प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी असतील, तर मोबाइलवरचे मतदानयंत्र कितीही अचूक चालले तरी काही साधत नाही.

मग करायचे काय? माझा पक्ष सरळ आहे: आधी वर्गसभा, नंतर सभेत ठरलेल्या कामांचे गट आणि सर्वांत शेवटी प्रतिनिधी.

वर्गसभा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या तासाला, गोल बसून व्हावी. पहिली-दुसरीत एकच प्रश्न पुरे: या आठवड्यात गोष्ट कोणती वाचायची, खेळाच्या तासाला काय खेळायचे. तिसरीपासून अध्यक्षपद हजेरीपटाच्या क्रमाने दर आठवड्याला फिरावे, म्हणजे वर्षभरात निम्म्याहून अधिक मुले सभा चालवतील आणि गप्प बसणाऱ्याची पाळीही चुकणार नाही. राहिलेल्यांची पाळी पुढच्या वर्षी पहिल्यांदा. एक जण इतिवृत्त लिहील आणि पुढची सभा ते वाचूनच सुरू होईल. मागच्या सभेत ठरलेले झाले की नाही, हा प्रश्न ज्या वर्गात दर आठवड्याला विचारला जातो, त्या वर्गाने नागरिकशास्त्राचा मोठा भाग पूर्ण केलेला असतो.

सभेपुढे विषय खरे असावेत. बाकांवरची जागा किती दिवसांनी बदलायची? खिचडीच्या रांगेत पुढे कोण? वर्गवाचनालयाचे फाटलेले पुस्तक कोणी चिकटवायचे? महापालिकेच्या अनेक इमारतींत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी भरते. त्याच वर्गात दुपारी बसणाऱ्या मुलांसाठी फळा आणि बाक कसे ठेवून जायचे? सहल कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात न्यायची की केळकर संग्रहालयात? वर्गाला वर्षाचे पाचशे रुपये द्या आणि खर्च मुलांना ठरवू द्या. रक्कम लहान असू द्या, पण चुकीचा खर्च झाला तर तो सोसण्याची मोकळीकही त्यातच आली.

काही गोष्टी मात्र मताला टाकायच्याच नाहीत, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. कोणी डब्यात काय आणावे, कोणाशेजारी बसू नये, कोणाच्या बोलीला हसावे, कोणाला शिक्षा काय द्यावी, हे बहुमताने ठरत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. ती शिक्षकाला आहे तशी वर्गालाही असली पाहिजे. मुलांचा कारभार मुलांचाच जाच होऊ शकतो, हा धोका मला मान्य आहे. म्हणूनच शिक्षकाने सभेतून उठून जायचे नाही. नकाराधिकार त्याच्याकडे राहील, पण तो वापरताना त्याने कारण सांगावे आणि ते इतिवृत्तात लिहिले जावे.

हे सारे स्वप्नरंजन वाटत असेल, तर यानुश कोर्चाक यांचे काम आठवावे. १९१२ साली वॉर्सात उघडलेल्या ज्यू मुलांच्या अनाथगृहात या डॉक्टरने मुलांचे न्यायालय उभे केले. त्या आठवड्यात ज्यांच्यावर तक्रार नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश ठरत. न्यायालयाच्या संहितेतली बहुतेक कलमे क्षमेची होती. आणि तक्रार झाल्यावर खुद्द कोर्चाकही त्या न्यायालयापुढे उभे राहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले तेव्हा सुटकेची संधी नाकारून ते मुलांबरोबर गेले. मुलांचा मान राखणे ही त्यांच्यासाठी शोभेची गोष्ट नव्हती. आपल्या देशातही राजस्थानात तिलोनियाच्या रात्रशाळांत दिवसा गुरे राखणाऱ्या मुलामुलींची बालसंसद चालली आहे आणि शाळेच्या कारभारावर तिने लक्ष ठेवले आहे. तिथे जे जमते, ते पुण्यात जमणार नाही असे म्हणायला आधार कोणता?

भारताने बालहक्कांची संयुक्त राष्ट्रांची संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. तिच्या बाराव्या कलमाने मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते वय व समज पाहून गांभीर्याने घेतले जाण्याचा हक्क दिला आहे. पुण्यात तर या सरावाची गरज अधिकच आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. २०२२ च्या जूनमध्ये पहिलीत गेलेले मूल तिसरी पास झाले तोवर त्याच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. लोकनियुक्त कारभार कसा असतो हे ज्याला गल्लीत दिसले नाही, त्याला ते वर्गात तरी दिसले पाहिजे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये निवडणुकीची तयारी थोडी लांबवा. आधी एक वही घ्या, तिच्यावर ‘वर्गसभा’ असे लिहा आणि मुलांना एक खरा प्रश्न सोडवायला द्या. दिवाळीपर्यंत सभा चालवून झाल्यावर प्रतिनिधी निवडा. तोवर आपल्याला प्रतिनिधी कशासाठी हवा, हे मुलांना नेमके ठाऊक झालेले असेल. आणि पालकांनो, पालकसभेला जाल तेव्हा आपले मूल मंत्री झाले का, हे विचारू नका. ती वही मागा आणि या वर्गाने वर्षभरात काय ठरवले ते वाचा.