आपले नाव, आपली राखण



२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यांच्यामुळे आपल्या नावाला मान आला. तो जपणे आपले काम. चाकणला कामाला लागताना आपली मुले ठेकेदाराला आधारची झेरॉक्स देऊन मोकळी होतात. त्यावर भलताच कोणी कर्ज उचलतो आणि वसुलीवाले आपल्या दारात उभे राहतात. म्हणून झेरॉक्सवर कारण व तारीख लिहून सही करा. चालेल तिथे शेवटचे ४ आकडेच दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्या. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, ते ‘संचार साथी’वर तपासा. ओटीपी कोणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लाजू नका, तत्काळ १९३० वर फोन करा.