संगणकाशी गप्पा : कोणत्या दारावर कोणाची पाटी?

दोस्तांनो, वेब सर्व्हर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? थंडगार खोली, ओळीनं मांडलेली कपाटं आणि लुकलुकणारे दिवे, हो ना? पण सर्व्हर म्हणजे मुळात एक प्रोग्रॅमच. मग तो तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटात का नाही बसणार? बसतो की! अशा सर्व्हरला ‘एम्बेडेड’, म्हणजे अंतर्भूत सर्व्हर म्हणतात. ‘जेटी’ हा त्यांपैकीच एक. ग्रेग विल्किन्स यांनी १९९५ मध्ये जावा भाषेत तो लिहायला घेतला. तो फुकट मिळतो, म्हणून आपणही करून बघू शकतो.

समजा, शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं संगणकावर शोधायची सोय तुम्हांला करायची आहे. ब्राउझर प्रश्न विचारणार आणि तुमचा प्रोग्रॅम उत्तर देणार. उत्तर देण्याचं काम करणारा जावातला छोटा प्रोग्रॅम म्हणजे ‘सर्व्हलेट’. एक सर्व्हलेट सगळ्या पुस्तकांची माहिती देईल, दुसरा फक्त नव्या पुस्तकांची. पण कोणता प्रश्न कोणाकडे पाठवायचा, हे सर्व्हरला कसं कळणार? मोठ्या कचेरीत दारांवर पाट्या असतात ना, तशाच पाट्या इथंही लावाव्या लागतात.

या पाट्या ‘वेब डॉट एक्सएमएल’ नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहायची जुनी पद्धत आहे. अंतर्भूत सर्व्हरमध्ये मात्र त्या थेट जावातच लिहिता येतात. पायऱ्या फक्त चार :

१. ‘सर्व्हर’ तयार करा आणि त्याला पोर्टचा क्रमांक द्या. वेबचं नेहमीचं पोर्ट ८०. पण लिनक्ससारख्या प्रणालीत १०२४ च्या आतल्या पोर्टांना सहसा खास परवानगी लागते. म्हणून सरावासाठी ८०८० बरं.

२. पाट्यांची यादी सांभाळणारा ‘सर्व्हलेट काँटेक्स्ट हँडलर’ तयार करा.

३. ‘अ‍ॅड सर्व्हलेट’ ही आज्ञा देऊन प्रत्येक सर्व्हलेट आणि त्याचा पत्ता यादीत घाला.

४. हँडलर सर्व्हरला जोडा आणि मगच सर्व्हर सुरू करा.

यात फायदा काय? फाइलीत सर्व्हलेटच्या क्लासच्या नावातलं एक अक्षर चुकलं, तर ते प्रोग्रॅम चालवल्यावरच कळतं. जावात तेच चुकलं, तर कंपायलर तिथल्या तिथे कान पकडतो.

पण हुरळून जाऊ नका! पत्ता चुकला, तर कंपायलर गप्पच बसतो. त्याच्या दृष्टीनं पत्ता म्हणजे नुसती अक्षरं. चौथ्या पायरीवर हँडलर जोडायचा राहिला, तरीही सर्व्हर मजेत सुरू होतो. काही कुरकुर नाही. मात्र कोणताही पत्ता विचारा, उत्तर एकच : ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. अशा वेळी सर्व्हलेट पुन्हा पुन्हा तपासत बसू नका. तो बिचारा ठीकच असतो, त्याच्यापर्यंत प्रश्न पोचलेलाच नसतो. आधी पाट्या बघा.

आणि एकाच प्रश्नाला दोन पाट्या लागू पडल्या तर? सर्व्हर अंदाज करत नाही. आधी कोणती पाटी लिहिली, हेही तो बघत नाही. त्याचा नियम ठरलेला आहे. तंतोतंत जुळणारा पत्ता असेल, तर मान त्याचा. नाहीतर शेवटी तारा असलेल्या पत्त्यांपैकी सर्वांत लांब जुळणारा. त्यानंतर ‘तारा, टिंब, जेएसपी’ अशा शेपटीवरून ओळखायचे पत्ते. आणि कोणीच जुळलं नाही, तर नुसत्या तिरक्या रेघेची पाटी असलेला सर्व्हलेट. ‘उरलेलं सगळं माझ्याकडे’ असं म्हणणारा तो!

आता एक कोडं. तुम्ही तीन पाट्या लावल्या आहेत :

अ) /पुस्तके/*
ब) /पुस्तके/नवीन
क) /

मग ‘/पुस्तके/नवीन/गोष्टी’ हा प्रश्न कोणाकडे जाईल? आणि घाईत कोणी ‘/पुस्तक’ एवढंच लिहिलं तर?

घाई करू नका. पहिल्यात बहुतेक जण ‘ब’ म्हणतात आणि फसतात! तंतोतंत म्हणजे तंतोतंत, पुढे ‘गोष्टी’ आलं की ‘ब’ बाद. म्हणून उत्तर ‘अ’. दुसऱ्याचं उत्तर तुम्हीच शोधा. पाट्या लावा, सर्व्हर सुरू करा आणि त्यालाच विचारा. तो खरं तेच सांगेल!