शंभर टक्क्यांत काय कळते?

‘निकाल पाहून शाळा निवडा’ हा एका पत्रलेखकाचा सल्ला पटला नाही. २०२५ च्या दहावीत अख्ख्या कोकण मंडळाचाच निकाल ९८.८२ टक्के होता. मग शाळेच्या फाटकावरच्या ‘१०० टक्के’ फलकावरून पालकाने काय ठरवायचे? नववीत किती मुले होती आणि दहावीला किती बसली, ते विचारा. कच्च्या मुलाच्या हातात दाखला देऊन बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, की निकाल शंभर टक्के लागतोच. त्या मुलाचे पुढे काय होते?

मुलीच्या अकरावी सायन्सच्या प्रवेशाआधी मी एका ठिकाणी प्रयोगशाळा दाखवा म्हटले. किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. आत ब्युरेटच्या तोट्या इतक्या घट्ट बसलेल्या, की फिरेनात. बारावीला रसायनशास्त्रात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते इथे कसे मिळवायचे? मी प्रवेश घेतला नाही.

आणि एसटी. मुलींना पास मोफत आहे, पण शेवटचा तास सुटल्यावर गाडीच नसेल, तर हातखंबा तिठ्यावर अंधारात मुलगी किती वेळ उभी राहणार, हेही शाळा निवडतानाच पाहावे लागते.

– एक पालक, हातखंबा (रत्नागिरी)