दोन किल्ल्यांची बाबागाडी

गेल्या दिवाळीत दादर स्टेशनच्या पुलाखाली माझ्या हातून एक अपघात होता होता राहिला. लेक परदेशातून आली होती. बरोबर दोन वर्षांची नात आणि घडीची बाबागाडी. जिना आला तसं लेकीने नातीला खाली उतरवलं, खांद्यावरची पिशवी सावरली आणि म्हणाली, "बाबा, तेवढी गाडी मिटता का?" मागून माणसांचा लोंढा. मी पायाने खटका दाबला, दांडा ढकलला, आणि लेक ओरडली, "बाबा, बोट!" नातीने नेमकं बिजागरीवर बोट ठेवलं होतं. कातडी लाल होण्यावर निभावलं. नात दोन मिनिटं रडून गप्प झाली. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

बँकेतल्या नोकरीने एक खोड लावली आहे. चूक झाली की सही कुणाची हे तर पाहायचंच, पण ती चूक होऊ देणारा फॉर्म कुणी छापला हेही पाहायचं. दुसऱ्या दिवशी गॅलरीत ती गाडी उघडझाप करत बसलो. मागे नळ्यांची एक फुली, बैठकीखाली दुसरी. मिटताना दोन्ही फुल्या आवळतात, चारही चाकं जवळ येतात आणि गाडी छत्रीसारखी होते. फुली आवळते म्हणजे काय, तर कात्री मिटते. बाळाच्या हाताजवळ आपण कात्री ठेवली आहे, हे इतक्या दिवसांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ही छत्रीसारखी गाडी ओवेन मॅक्लारेन या इंग्रज विमान-अभियंत्याची. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्याने काम केलं होतं. ती चाकं उड्डाणानंतर पंखात मिटायची आणि उतरताना उघडून पक्की बसायची. नाही बसली तर विमान पोटावर. लेक नातवंडाला घेऊन परदेशातून आली, तिची जड बाबागाडीशी चाललेली झटापट त्याने पाहिली, आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची जेमतेम पावणेतीन किलोंची गाडी करून पेटंटसाठी अर्ज केला. पहिल्या गाड्या नॉर्दम्पटनशायरमधल्या त्याच्या घराच्या तबेल्यात तयार झाल्या. १९६७ मध्ये विक्री सुरू झाली आणि १९७६ पर्यंत वर्षाला सुमारे ६ लाख गाड्या निघू लागल्या. बाळ कडेवर ठेवूनच गाडी मिटायची, हात एकच मोकळा, म्हणून दुसरं काम त्याने पायावर सोपवलं. आजोबा म्हणून मला या माणसाचा हेवा वाटतो.

पण त्याच्या नावाच्या कंपनीलाही कात्री चुकली नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांसाठी तिला दुरुस्ती जाहीर करावी लागली. गाडी उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ तक्रारी आल्या होत्या. उपाय काय, तर बिजागरीवर चढवायचं आवरण. इतकं साधं! आधीच का नाही बसवलं, हा प्रश्न कुठल्याही आजीने विचारला असता.

हल्ली जाहिराती 'एका हाताने, एका क्षणात' म्हणतात. माझं मत उलट आहे. बँकेतला लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, एक बँकेची, एक ग्राहकाची. वेळ लागतो म्हणून ग्राहक कुरकुरायचे, मी हसून ऐकून घ्यायचो; पण त्या वेळानेच त्यांचे दागिने शाबूत राहिले. बाबागाडीलाही दोन किल्ल्या हव्यात. पाय आणि हात दोन्ही लागल्याशिवाय ती मिटूच नये, बाळ बैठकीत असताना खटका सुटू नये, आणि बिजागरी झाकलेली असावी. दोन सेकंद जास्त लागले तर लागू देत.

दुसरी शर्यत लहानपणाची. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेल इतकी लहान घडी आता मिळते, आणि ती करणाऱ्यांच्या हुशारीला माझा सलाम. पण घडी लहान करायची तर चाकंही लहान करावी लागतात. नुसतं ढकलून चाक आपल्या त्रिज्येइतकी उंच पायरीसुद्धा चढत नाही, हे शाळेतलं गणित. पाच इंची चाकाची त्रिज्या अडीच इंच. आमच्या गल्लीतला फूटपाथ वीतभर उंच आहे, आणि मध्येच त्याची एक फरशी गायब आहे. तिथे ती विमानातली गाडी बाळासकट उचलावी लागते. आपल्याकडच्या कारखानदारांनी परदेशी घडीची नक्कल करण्याआधी एक दिवस नातवंडाला घेऊन बाजारात जावं. मला तर दोन इंच मोठी घडी आणि दोन इंच मोठं चाक चालेल.

लेक परत जाईपर्यंत गाडी मिटण्याचं काम मी सोडलं नाही. फक्त नातीशी एक करार केला. मी म्हणायचो, "बोटं दाखव." ती दोन्ही पंजे वर करायची. मी दहापर्यंत मोजायचो, आणि मगच खटक्यावर पाय. जावई हसायचे. परवा फोनवर लेक सांगत होती, आता तिकडे स्वयंपाकघरातला ड्रॉवर लावायच्या आधीही नात दोन्ही पंजे वर करून उभी राहते.